फार्मासिस्टना आधी पहिलं वाक्य शिकवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना मदत कशी करायची, यावर तुम्हाला तीस फार्मासिस्टचं एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. गेल्या वर्षीही घेतलं होतं. फुप्फुसाच्या कर्करोगावर उत्तम व्याख्यान झालं, निकोटीनच्या औषधांवर एक सत्र झालं, शेवटच्या परीक्षेत सगळे पास झाले. सहा महिन्यांनी चौकशी केली, तर तिघांनीच काउंटरवर हा विषय काढला होता. यंदा व्याख्याते बदलावेत की वेळ वाढवावा, असं तुम्ही विचारलं आहे.

मी स्वतः फार्मासिस्ट आहे आणि गेली सोळा वर्षं अशी प्रशिक्षणं घेते. दोन्हींपैकी कशानेही फारसा फरक पडणार नाही, असं मला वाटतं. सिगारेट वाईट आहे हे तुमच्या तीस जणांना पाठ आहे, निकोटीनच्या गमची मात्राही त्यांना ठाऊक आहे. घोडं अडतं दोन ठिकाणी. समोरचा माणूस खोकल्याचं औषध घेऊन पैसे काढतोय, त्याच्या मागे आणखी दोघं उभे आहेत, अशा वेळी विषय काढायचा कसा हे त्यांना जमत नाही. आणि समजा कुणी सिगारेट सोडलीच, तर त्याला पुन्हा कधी गाठायचं आणि काय विचारायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. दिवसाचा मोठा भाग या दोन गोष्टींना द्या. बाकीचं छापील कागदावर देता येतं.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मोकळेपणाने सांगते. तुमच्या देशात कोणतं औषध प्रिस्क्रिप्शनशिवाय देता येतं हे कायदा ठरवतो. निकोटीनचा गम आणि त्वचेवर चिकटवायचा निकोटीनचा पॅच बऱ्याच ठिकाणी काउंटरवर मिळतात, तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्यांना बहुतेक ठिकाणी डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि काही ठिकाणी प्रशिक्षित फार्मासिस्टला ती लिहिण्याचा अधिकार आहे. ई-सिगारेटचे नियम तर देशागणिक उलटसुलट आहेत. शिवाय फार्मसीत दोन मिनिटं बाजूला बोलायला कोपरा आहे का, समुपदेशनाचे पैसे मिळतात का, यावरही बरंच ठरतं. त्या त्या नियमांचा एक कागद स्थानिक माहितगाराकडून करून घ्या. मी पुढे जे सांगते ते या सगळ्याच्या अलीकडचं आहे, म्हणजे माणूस माणसाशी कसा बोलतो त्याबद्दलचं.

आता पहिलं वाक्य. माझ्या एका वर्गात पंधरा वर्षं काउंटर सांभाळलेले एक गृहस्थ होते. रोल-प्लेमध्ये ते फार्मासिस्ट झाले, दुसरी एक सहभागी खोकल्याचं औषध घ्यायला आली. त्यांनी बाटली पिशवीत घातली आणि विचारलं, "सिगारेट ओढता का?" ती म्हणाली, "हो, थोड्या." त्यावर ते म्हणाले, "सोडायला पाहिजे. त्यानेच खोकला येतो." तिने मान हलवली, पिशवी उचलली आणि वळली. नाटकच होतं, तरी ती वळली. नंतर मी तिला विचारलं, काय वाटलं? ती म्हणाली, "पकडल्यासारखं वाटलं." ते गृहस्थ तिथेच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आजवर किती जण असे वळून गेले असतील, याचा हिशेब त्यांच्या मनात चालू झाला होता.

मग आम्ही तोच प्रसंग पुन्हा केला. या वेळी त्यांनी विचारलं, "खोकला किती दिवस आहे?" मग, "सिगारेट ओढता का? इथे सगळ्यांनाच विचारतो, औषध देताना उपयोगी पडतं." ती हो म्हणाल्यावर त्यांनी सोडायला पाहिजे असं म्हटलं नाही. ते म्हणाले, "सोडायची झाली तर नुसत्या मनाच्या जोरावर सोडण्यापेक्षा औषध आणि कुणाची तरी सोबत असली की बरंच सोपं जातं. दोन्ही मी देऊ शकतो. आज पाच मिनिटं आहेत का, की परवा येता?" ती म्हणाली, "परवा येते." सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नाही.

ब्रिटनमध्ये ही पद्धत रीतसर शिकवतात. तिचे टप्पे तीनच: विचारा, सांगा, पुढची सोय करा. गंमत मधल्या टप्प्यात आहे. तिथे सिगारेटचे दुष्परिणाम सांगायचे नसतात, सोडण्याचा सर्वांत चांगला मार्ग कोणता ते सांगायचं असतं. २०१२ साली तिथल्या संशोधकांनी डॉक्टरांच्या छोट्या सल्ल्यावरचे आधीचे अभ्यास एकत्र करून तपासले. तब्येतीसाठी सोडा असं सांगण्यापेक्षा मदत देऊ केल्यावर जास्त लोक सोडण्याचा प्रयत्न करतात, असं त्यातून दिसलं. ओढणाऱ्याला दुष्परिणाम माहीत असतात. घरचे त्याला ते रोज ऐकवत असतात. फार्मासिस्टकडे त्याहून वेगळं काहीतरी देण्यासारखं आहे, आणि तेच त्याने काउंटरवर ठेवायचं.

हे वाक्य प्रत्येकाने मोठ्याने, स्वतःच्या शब्दांत, निदान दहा वेळा म्हणायला हवं. नुसतं लिहून दिलं तर तोंडी बसत नाही. तिघातिघांचे गट करा. एक फार्मासिस्ट, एक गिऱ्हाईक, एक जण फक्त बघणारा. दर पाच मिनिटांनी जागा बदला. बघणाऱ्याला एकच काम द्या: गिऱ्हाइकाचा चेहरा कोणत्या शब्दावर बदलला तो टिपायचा. रोल-प्ले म्हटलं की लोक पहिली दहा मिनिटं लाजतात, हसतात. हसू द्या. वर्गात अवघडलं तर चालतं, काउंटरवर अवघडलं की माणूस पुन्हा विचारायचं सोडून देतो.

मनाची तयारी कुठल्या पायरीवर आहे हे ओळखण्याचं जे सत्र बहुतेक प्रशिक्षणांत असतं, ते मी काढून टाकलं आहे. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये ते पायऱ्यांचं प्रारूप मांडलं. समजून घ्यायला ते चांगलं आहे, पण वर्गात त्याचा परिणाम उलटा झालेला मी पाहिला आहे. फार्मासिस्ट मनातल्या मनात ठरवतो, हा अजून तयार नाही, आणि विचारतच नाही. कोण तयार आहे हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. काल नाही म्हणणारा आज हो म्हणतो, म्हणून सगळ्यांनाच मदत देऊ करायची.

त्याऐवजी एक छोटं साधन शिकवा. मिलर आणि रोलनिक या मानसशास्त्रज्ञांनी रुजवलेल्या प्रेरक संवादाच्या पद्धतीत ते वापरतात. "सिगारेट सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहामध्ये सांगा." समजा उत्तर आलं, चार. आपला कल असतो, आठ का नाही, असं विचारण्याचा. तसं विचारलं की माणूस न सोडण्याची कारणं मोजायला लागतो. विचारायचं उलट: "चार का? दोन का नाही?" मी एका वयस्कर गिऱ्हाइकाला असं विचारलं होतं, "काका, दोन का नाही म्हणालात?" ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "नातवाला उचललं की धाप लागते." ते मी सांगून झालं नसतं. ते त्यांच्या तोंडून आलं, म्हणून पुढच्या सगळ्या भेटींत मला नातवाबद्दल विचारता आलं.

औषधांच्या सत्राला दीड तास पुरतो. व्यसन किती घट्ट आहे ते दोन प्रश्नांत कळतं: सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात पेटते आणि दिवसाला किती होतात. हे दोन्ही फागरस्ट्रॉम यांच्या नावाच्या चाचणीतले प्रश्न आहेत. त्यातला पहिला जास्त बोलका. रात्रभरात निकोटीन उतरलेलं असतं, त्यामुळे उठल्यावर लगेच हात सिगारेटकडे जात असेल तर शरीराची गरज मोठी आहे. अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट ओढणाऱ्याला साधारणपणे ४ मिलिग्रॅमचा गम लागतो, त्यानंतर ओढणाऱ्याला २ मिलिग्रॅमचा.

गमबद्दल मात्र वर्गात वेळ काढा, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे हातची जातात. "गम घेतला, काही झालं नाही, उलट उचक्या लागल्या," हे वाक्य तुमच्या प्रत्येक फार्मासिस्टने ऐकलेलं असेल. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: माणूस तो साध्या च्युइंगमसारखा चघळत राहतो. निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, तिथून यकृतात जातं आणि त्यातलं बरंचसं तिथेच निकामी होतं. मेंदूपर्यंत थोडंच पोहोचतं, पोटात मात्र जळजळ होते. गम हळू चावायचा, तोंडात चुरचुरायला लागलं की थांबायचं, गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा. चुरचुर ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना कॉफी, फळांचा रस, सोडा असं काही प्यायचं नाही. आंबट तोंडात निकोटीन गालातून नीट शोषलं जात नाही. निकोटीन नसलेला साधा च्युइंगम सगळ्यांना वाटा आणि घड्याळ लावून हे करून घ्या. पहिल्या दोन मिनिटांत निम्मे जण विसरून चघळायला लागतात. आपणच विसरतो, तर गिऱ्हाइकाचं काय होत असेल, हे तेव्हा त्यांना स्वतःच्या जबड्यात कळतं.

दुसरी चूक मात्रेची. लोक गम अगदी काटकसरीने, तलफ असह्य झाल्यावरच घेतात. सिगारेटमधलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं, गमला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून पहिले काही आठवडे दर एक-दोन तासांनी, तलफ येण्याआधीच घ्यायचा. पॅच आणखी संथ असतो, पण दिवसभर एकसारखी पातळी धरून ठेवतो. खाली पॅचचा आधार आणि वर अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी गम किंवा लॉझेंज (चोखायची निकोटीनची गोळी), अशी जोडी एकट्या औषधापेक्षा जास्त लोकांना सिगारेटपासून दूर ठेवते, याला भक्कम पुरावा आहे. तरी बरेच फार्मासिस्ट दोन निकोटीन एकदम द्यायला बिचकतात. ही भीती वर्गात उघड बोलून काढा. पॅच लावलेला असताना एखादी सिगारेट ओढली गेली तर हृदयविकाराचा झटका येतो, ही जुनी धास्तीही अजून ऐकू येते आणि पुराव्यात तिला आधार नाही. सिगारेट ओढली गेली म्हणून पॅच काढून टाकू नका, असंच सांगायला शिकवा.

व्हॅरेनिक्लिनबद्दलही अशीच एक सावली आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्यावर मानसिक परिणामांबद्दलचा सर्वांत ठळक इशारा छापायला लावला होता. पुढे आठ हजारांहून अधिक लोकांवर, मानसिक आजार असलेल्यांसह, झालेल्या ईगल्स या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. प्लासीबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीच्या, तुलनेत गंभीर मानसिक त्रासात लक्षणीय वाढ दिसली नाही, आणि त्याच वर्षी तो इशारा काढला गेला. इशारा लक्षात राहिला, तो काढल्याची बातमी बऱ्याच जणांपर्यंत पोहोचलीच नाही. मळमळ आणि विचित्र स्वप्नं मात्र खरोखर होतात. गोळी जेवणानंतर आणि पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, एवढं सांगितलं तरी मळमळीने गोळी सोडणारे बरेच वाचतात. ब्युप्रोपिऑन ज्यांना कधी फिट आली आहे त्यांना द्यायचं नाही, हे चिठ्ठी हातात आल्यावर विचारणं फार्मासिस्टचं कामच आहे. गरोदर स्त्रिया आणि लहान वयाची मुलं यांना डॉक्टरांकडे पाठवायचं, त्यात वर्गाचा फार वेळ घालवू नका.

एक विषय मात्र कुठल्याही परिस्थितीत गाळू नका, कारण तो फार्मासिस्टशिवाय दुसरं कुणी पाहील याची खात्री नसते. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातलं सीवायपी१ए२ हे विकर (एन्झाइम) जास्त जोमाने काम करतं आणि काही औषधं लवकर निकालात काढतं. सिगारेट थांबली की काही दिवसांतच विकराचा जोर ओसरतो आणि त्याच गोळीची रक्तातली पातळी चढते. मानसिक आजारांवरची क्लोझापिन आणि ओलँझापिन, दम्यावरचं थिओफायलिन ही त्यातली महत्त्वाची नावं. हे धुरामुळे होतं, निकोटीनमुळे नाही, म्हणून पॅचवर असलेल्या माणसालाही हा धोका तेवढाच असतो. माझ्याकडे थिओफायलिन घेणारे एक जण सिगारेट सोडल्यावर आठव्या दिवशी आले. हात थरथरत होते, छातीत धडधड होती, मळमळत होतं. "सिगारेट सोडल्याचा त्रास असेल," असं त्यांना घरच्यांनी सांगितलं होतं, आणि ते पुन्हा सुरू करायच्या बेतात होते. मी डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. रक्त तपासलं गेलं, मात्रा कमी झाली, त्रास थांबला आणि सिगारेट सुटलेलीच राहिली. सोडण्याची तारीख ठरली की त्या माणसाची औषधांची यादी काढून पाहायची, ही सवय अंगी बाणेपर्यंत वर्गात सराव करून घ्या. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनाही तपासण्या लवकर करायला सांगा. आणि कॉफीबद्दल विचारा. कॅफिनही याच वाटेने निघून जातं. तेवढीच कॉफी पिणाऱ्याच्या रक्तात ते दुपटीपर्यंत जाऊ शकतं, मग झोप उडते, चिडचिड होते आणि दोष सिगारेट सोडण्यावर येतो. कॉफी निम्म्यावर आणा, हा सल्ला फुकटचा आहे आणि लगेच कामी येतो.

आता दुसरी अडचण, सोडल्यानंतरची. कुठल्याही मदतीशिवाय सोडणाऱ्यांत सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात आणि घसरणारे बहुतेक पहिल्या आठ दिवसांतच घसरतात, असं अशा अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. म्हणजे आपण महिन्याभराने भेटा म्हणतो तेव्हा सामना संपलेला असतो. सोडण्याचा दिवस ठरवतानाच पुढच्या दोन तारखा वहीत लिहायला लावा: एक दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीच्या फोनची, दुसरी आठवड्याच्या भेटीची. फोनवर पहिला प्रश्न सोडली का, हा नसावा. तो परीक्षेसारखा वाटतो आणि माणूस खोटं बोलतो किंवा फोनच घेत नाही. मी विचारते, "सगळ्यात कठीण वेळ कुठली गेली?" मग औषध, झोप, कॉफी, घरात कोण ओढतं, असं एकेक येतं. एखादी ओढली असेल तर तीही त्यातच येते. तेव्हा म्हणायचं, "ती कुठे आणि कुणासोबत ओढली?" आणि त्या प्रसंगाचं काय करायचं ते ठरवायचं. वजन वाढेल का, असंही हमखास विचारतात. वाढतं, वर्षभरात सरासरी चार-पाच किलो, आणि हे खरं सांगितलेलं बरं. लपवलं तर दुसऱ्या महिन्यात आपल्यावरचा विश्वास जातो.

तुमच्या वर्गात स्वतः सिगारेट ओढणारे फार्मासिस्टही असतील. त्यांना हात वर करायला लावू नका. सुरुवातीलाच एवढं सांगा की ओढणाऱ्यालाही ही मदत देता येते, आणि ज्याला स्वतःसाठी हवी असेल त्याने संध्याकाळी थांबावं. माझ्या सर्वांत चांगल्या समुपदेशकांपैकी दोघी अशा थांबलेल्या होत्या.

आकड्यांची तयारीही करून द्या. अगदी नीट मदत करूनही एका प्रयत्नात बहुतेक जण कायमचे सुटत नाहीत. अनेकांना बरेच प्रयत्न लागतात. हे आधी सांगितलं नाही तर तुमचा उत्साही फार्मासिस्ट पहिले पाच जण घसरल्यावर गप्प होतो. गेल्या वर्षी तुमच्या तिघांनी विषय काढला, त्यांना नंतर काय अनुभव आला ते विचारलं का? विचारा. यंदाच्या वर्गात त्यांनाच अर्धा तास बोलायला द्या.

वेळाचं म्हणाल तर एका दिवसाचे दोन अर्धे दिवस करा, मध्ये तीन आठवडे ठेवा. पहिल्या अर्ध्या दिवसात पहिलं वाक्य, दहाच्या मापाचा प्रश्न, गम आणि पॅच. मधल्या तीन आठवड्यांत प्रत्येकाने दहा गिऱ्हाइकांना विचारायचं आणि वहीत दोन ओळी लिहायच्या: काय विचारलं, काय उत्तर आलं. नावं नकोत. दुसऱ्या अर्ध्या दिवसात त्या वह्या उघडायच्या आणि जे संभाषण फसलं तेच रोल-प्लेला घ्यायचं. औषधांची यादी तपासणं आणि तिसऱ्या दिवसाचा फोन हेही दुसऱ्या भागात. लेखी परीक्षेऐवजी या वह्याच तुमचं मोजमाप. काउंटरवरच्या मदतनिसांनाही बोलवा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधल्या एका चाचणीत फार्मासिस्टबरोबर त्यांनाही प्रशिक्षण दिलं होतं, आणि माझाही अनुभव हाच की गिऱ्हाइकाशी पहिला शब्द बहुतेक वेळा तेच बोलतात.

तीस जणांपैकी किती जण फार्मसीत एकटेच असतात, तेवढं मात्र मला कळवा. एकट्याला गर्दीत पाच मिनिटं काढता येत नाहीत. त्यांच्यासाठी परवा या, असं म्हणून वेळ ठरवून देण्याचा सराव जास्त घ्यावा लागेल, आणि मग पहिल्या दिवसाचं वेळापत्रक थोडं वेगळं आखावं लागेल.